साडूभाऊ, त्या नाण्याला पहिलं बक्षीस मिळालं

वयाने माझ्यापेक्षा आठ महिन्यांनी आणि (आपल्या स्वतःच्या मते) अकलेने आठ वर्षांनी मोठे असलेले साडूभाऊ यांच्या सेवेशी,

धाकट्या साडूचा नमस्कार. ताईंना वेगळा नमस्कार आहे, तो आपल्या नमस्कारातून कापून देऊ नये. आपला गुडघा काय म्हणतो? ताईंच्या डोळ्यांतले थेंब वेळच्या वेळी पडतात ना? माझी प्रकृती ठणठणीत आहे. थोडा खोकला आहे, झोप लागत नाही आणि उजवा खांदा वर जात नाही, पण विचारायला घरात कोणी नसलं की प्रकृती ठणठणीतच म्हणायची.

पत्रास कारण की, ज्या नाण्यावरून आपण अकरा महिन्यांपूर्वी अर्धं बिस्किट बशीत टाकून माझ्या घरातून तरातरा निघून गेलात, त्या नाण्याला आपल्या नाणेसंग्राहक मंडळाच्या परवाच्या प्रदर्शनात 'नजरेत भरणारं नाणं' या गटात पहिलं बक्षीस मिळालं. हो, पहिलं. उत्तेजनार्थ नव्हे. (हे पत्र ताईच मोठ्याने वाचत असणार, कारण माझं अक्षर दिसताच आपण पाकीट बाजूला सारलं असेल. म्हणून त्यांच्यासाठी जरा फोड करून सांगतो. ताई, चांदीचं नाणं वर्षानुवर्षं कागदाच्या पाकिटात पडून राहिलं की कडेकडेने त्याला रंग चढतो, आधी पिवळा, मग तांबूस, मग जांभळा, मग निळा. रंग आपोआप चढलेला असेल तर आम्ही लोक त्या नाण्यावर जीव टाकतो. कोणी स्वयंपाकघरात नाणं तापवून तो आणला असेल तर ती लबाडी. माझ्या नाण्याला हे सगळे रंग आहेत. तुमचे यजमान म्हणाले, हे भाजलेलं आहे. मी म्हणालो, आपोआप आलेलं आहे. एवढंच भांडण. बाकी जे बोललं गेलं ते रागाच्या भरात.)

बाकी जे बोललं गेलं त्याचीही उजळणी करून टाकतो, म्हणजे मनात राहायला नको. आपण म्हणालात, बायको गेल्यापासून तुमची नजर गेली. चाळीस वर्षं चष्म्याच्या काचा घासणाऱ्या माणसाला हे बोलायचं म्हणजे कमाल झाली! त्यावर मी म्हणालो की, तुम्ही जन्मभर ऑडिट केलंत, तुम्हाला देवमाणूस दाखवला तरी त्याची पावती मागाल. (हे मला अजूनही पटतं.) शिवाय तुम्ही दर रविवारी येता ते बिस्किटांसाठी, असंही म्हणालो. (हे मला तेव्हाही पटत नव्हतं.) आपण उठलात आणि गेलात. दार मात्र हळू लावलंत. आपटलं असतंत तर मीही मागून चार शब्द ओरडलो असतो आणि प्रकरण तिथंच मिटलं असतं.

त्यानंतरच्या रविवारांची हकीकत ऐका. आपली पद्धत अशी, की एकाने नाणं दिव्याखाली धरायचं, तिरपं करून फिरवायचं, चाकाच्या आऱ्यांसारखा उजेड त्याच्यावरून फिरतो का बघायचं, नाण्यावरच्या राजाचं गालाचं हाड आणि कानावरचे केस झिजलेत का तपासायचं, आणि तोंडातून चकार शब्द न काढता सत्तरपैकी किती गुण (ताई, नाण्यांची परीक्षा शंभराची नसते, सत्तराची असते) ते चिठ्ठीवर लिहून बशीखाली सरकवायचं. मग दुसऱ्याने. मग दोन्ही चिठ्ठ्या एकदम उघडायच्या आणि मग काय ते भांडायचं. एकट्याने हे कसं करणार? पहिल्या रविवारी मी एकच चिठ्ठी लिहिली, बशीखाली ठेवली आणि उघडली. बासष्ट. मला ते आधीच माहीत होतं. त्यात काही राम वाटेना. म्हणून पुढच्या रविवारपासून दोन लिहायला लागलो, उजव्या हाताने माझी आणि डाव्या हाताने आपली. आपल्या चिठ्ठीवर नेमाने दोन गुण कमी टाकायचे, म्हणजे अगदी आपण आल्यासारखं वाटायचं. हसू नका. एकदा तर डाव्या हाताने माझ्यापेक्षा तीन जास्त लिहून ठेवले. एवढे गुण आपण उभ्या जन्मात कोणत्या नाण्याला दिले नसतील! मी इतका चकित झालो की हे आपल्याला सांगावं म्हणून सरळ फोन लावला. ताईंनी उचलला. माझं ततपप झालं आणि मी 'राँग नंबर' म्हणालो. त्यावर ताई म्हणाल्या, "बरं, राँग नंबर, जेवलात का?" मी "हो" म्हणालो आणि ठेवून दिला. जेवलो नव्हतो. तेव्हा आपल्याला राँग नंबर कोणाचा होता हे अजून कळलं नसेल, तर तो मी होतो.

दुसरा माणूस तयार करावा म्हणून समोरच्या घरातल्या दातांच्या डॉक्टरांना बोलावलं. सज्जन माणूस, हात स्थिर, भिंग डोळ्याला लावायची सवय, म्हटलं आणखी काय पाहिजे? पहिल्याच नाण्यावर ते म्हणाले, हिरडीशी कीट आहे. मी समजावलं की ही कड आहे, आणि ते कीट म्हणजे साठ वर्षांची माया आहे, ती जपायची असते. त्यांनी मान डोलावली. पेशंट लोकांचं ऐकून मान डोलवायची त्यांना सवयच असणार, हे मला नंतर सुचलं. मी चहा टाकायला आत गेलो, तेवढ्यात त्यांनी खिशातून काहीतरी मलम काढलं, रुमालाला लावलं आणि माझं ते जुनं, शांत, करड्या रंगाचं नाणं (ताई, तुमच्या बहिणीने मला लग्नानंतर पहिल्यांदा दिलेलं, तिला बिचारीला वाटलं होतं ते पदक आहे) लखलखीत करून माझ्या तळहातावर ठेवलं. म्हणाले, बघा आता, हसतंय. साडूभाऊ, ते हसत नव्हतं हो. अंगावरची साय गेलेली. तिरपं केलं तर उजेड फिरेना, एका जागी भोकाड पसरल्यासारखा नुसता चमकत राहिला. सत्तरपैकी गुण द्यायची सोयच उरली नाही. आपण असतात तर डॉक्टरांचा हात वरच्या वर धरला असतात. मी त्यांना चहाच दिला. त्यांनी प्रेमानेच केलं होतं, आणि चार महिन्यांत माझ्याकडे चहाला आलेले ते एकटेच. पण ते गेल्यावर मी त्या खुर्चीत बराच वेळ बसून राहिलो, आणि खोटं कशाला सांगू, रडलो. नाण्यासाठी थोडं, बाकीचं तिच्यासाठी. आणि हे सांगायला कोणी नाही म्हणूनही.

त्या रागातच मी रंगीत नाणं प्रदर्शनाला पाठवलं. म्हटलं, साडूंनी नावं ठेवली, आता जग काय म्हणतं ते बघू. तीन परीक्षक होते. पहिल्याने नाणं फिरवलं आणि "वा!" म्हटलं, दुसऱ्याने पहिल्याचं तोंड बघून "वा!" म्हटलं, आणि तिसऱ्याला जेवायला उशीर होत होता. व्यासपीठावर मला बोलावलं, ढाल दिली, आणि कार्यवाहांनी माइकवरून वाचून दाखवलं की हा 'नैसर्गिक रंगछटेचा आदर्श नमुना' आहे. टाळ्या पडल्या. मी सगळ्या रांगांवरून नजर फिरवली. वाटलं, मागून कोणीतरी उठेल, घसा खाकरेल आणि म्हणेल, एक मिनिट. कोणी उठलं नाही. सगळे टाळ्याच वाजवत होते. एवढी माणसं आणि एकालाही शंका नाही, याची मला भयंकर चीड आली. ढाल घेऊन बसमधून घरी आलो. शेजारच्या बाईंनी विचारलं, कसली ढाल? मी म्हणालो, कॅरमची. कोण सगळं समजावत बसणार?

तर सांगायचं तात्पर्य, मी बरोबर होतो, आपण चुकलात, आणि हे कळवण्यापलीकडे या पत्राचा काहीही हेतू नाही. उत्तर पाठवायची तसदी घेऊ नये. माझं उत्तम चाललं आहे. ताईंना नमस्कार वर दिलाच आहे, तरी पुन्हा एकदा.

आपला,
(अजूनही नात्याने) धाकटा साडू

ता. क. नात्यावरून आठवलं. साडू हे नातं बायकांकडून येतं. माझ्याकडची ती तर गेली. मग आपण माझे कोण लागता, हा प्रश्न मला अलीकडे फार पडतो. सवडीने कळवावं.

ता. क. दुसरा. एक किरकोळ काम होतं. बक्षिसावर हरकत घ्यायची मुदत येत्या सोमवारी संपते. ही हरकत मालकाला स्वतः घेता येत नाही. मी कार्यवाहांना विचारलं, तर ते म्हणाले अर्जात तसा रकानाच नाही, आणि माझ्याकडे विचित्र नजरेने बघत, घरी सोडायला माणूस पाठवू का, असंही म्हणाले. हरकत दुसऱ्या सभासदाने घ्यायची, आणि तीही मालकाच्या समोर बसून, नाणं हातात घेऊन, दोघांच्या सह्यांनिशी. सभासदांत असा माणूस मला एकच ठाऊक आहे. रविवारी येता आलं तर बरं. गुडघा दुखत असेल तर मीच नाणं घेऊन येतो, पण ताईंना आधी सांगून ठेवा, मला पुन्हा राँग नंबर म्हणायला लावू नका.

ता. क. तिसरा, आणि हा ताईंनी मोठ्याने वाचू नये. ते नाणं भाजलेलंच आहे. बटाट्यात खुपसून ओव्हनमध्ये ठेवलेलं. विकणाऱ्याने घेतानाच मला खरं सांगितलं होतं. मी ते भांडायलाच घेतलं होतं, साडूभाऊ. चिठ्ठ्या जुळल्या की आपण चहा संपवून पाच वाजता उठायचात, आणि भांडण झालं की साडेसात व्हायचे. हरकतीचा अर्ज एका ओळीचा आहे. तो अगदी शेवटी लिहा.