रॉकेटाची वाटणी

मु. गव्हाण, पनवेल

तीर्थस्वरूप शोभाताईस काशिरामचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आता कसा आहे? भावजींचा खोकला अजून आहे असं कळलं. त्यांना म्हणावं, विडी सोडा. (ऐकणार नाहीत, पण म्हणावं.) इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे कुणी कुणाशी बोलत नाही.

कारण रॉकेट. आपल्या भगवानदादाच्या आभाची कल्पना तशी सोपी. अगदी एकाच मापाची नळकांडी करायची. उपग्रह छोटा असला तर एकच उडवायचं, मोठा असला तर तीन शेजारी शेजारी जोडायची, त्याहून मोठा असला तर पाच. दर वेळी नवं रॉकेट आखत बसायला नको. पोरीने डोळे फोडून नकाशे काढले आणि पहिली तीन नळकांडी बनवायचं काम बापावर आणि दोन काकांवर विश्वासाने सोपवलं. इथेच घोळ झाला. तीन भाऊ, तीन नळकांडी म्हटल्यावर दादाने चिठ्ठ्या टाकल्या, खाडीकडच्या शेताला टाकल्या होत्या तशाच. शेडमध्ये मधे पत्रे उभे राहिले. नारळसुद्धा तीन फुटले. मग आपापल्या वाट्यात कोण कुणाचं ऐकतो? दादाने मजबुतीसाठी जाड पत्रा घेतला. धाकट्या शिवाने दिसायला बरं म्हणून घेर कमी केला. मी फक्त जोडाची भोकं जरा वर घेतली (वेल्डरला फार वाकावं लागत होतं, माणुसकी म्हणून).

काल मधले पत्रे काढून तिन्ही शेजारी उभी केली, तर एक बोल्ट बसेल तर शपथ! शिवा ओरडला, "माजं नाय चुकलं, तुमी तुमचं बगा!"  आभाने घरी जाऊन बॅग भरली. बंगळूरच्या कंपनीच्या नोकरीला तिने आपल्या घरासाठी नकार दिला होता. आता तिकडेच जाते म्हणाली. 

तुझा,
काशिराम

ता. क. : रविवारी ये. आभा तोवर थांबली आहे. तू सांगशील ते माप तिघेही मानू. आईबाबांच्या मागे तुझाच शब्द चालतो.

ता. क. २ : दादा आणि शिवाही तुला लिहिणार आहेत. त्यांचं वाचू नकोस. माप माझंच धर.

ता. क. ३ : आत्या, मी आभा. काकांनी या पत्राचा फोटो काढून तुला पाठवायला माझ्याकडेच दिलंय. माप नकाशावर पहिल्यापासून लिहिलेलं आहे. तू फक्त येऊन ते मोठ्याने वाच. मी वाचलं की त्यांना ऐकू येत नाही.