रंध्याची धार

२ फेब्रुवारी

सकाळी दूध, पाव आणि एक बल्ब आणला. बल्ब बदलला. दुपारी लेकीचा फोन. ती आणि जावई महिनाअखेरीला नव्या घरात जातायत. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाली, "बाबा, आईच्या टेबलाचं काय करायचं?"

जेवणाचं टेबल. हिने लेकीसाठी करायला घेतलेलं. पाय झालेत, चौकट झालीय. वरच्या फळ्या सरसाने जोडून ठेवल्यात, पण घासायच्या राहिल्या. नोव्हेंबरात ही इस्पितळात गेली ती परत आली नाही.

"वखारीतल्या मशीनवर घासून आणू ना. कितीसं काम आहे!"

बघतो म्हणालो. संध्याकाळी गॅरेजचं कुलूप काढलं. ही गेल्यापासून पहिल्यांदाच.

३ फेब्रुवारी

सकाळभर गॅरेजमध्ये. इतकी वर्षं दारातूनच हाक मारून परत फिरायचो. आत काय काय करून ठेवलंय हिने!

भिंतीवर प्रत्येक हत्यारामागे पेन्सिलने त्याचाच आकार काढलेला. हत्यार जागेवर नसलं की भिंतच सांगते. हिने नोकरी औषधांच्या दुकानात केली, तेव्हा स्क्रू अर्थातच औषधांच्या बाटल्यांत. वर चिठ्ठ्या, दुकानातल्यासारख्या सुवाच्य. एका बाटलीवर — "वाकडे, पण चालतील". एकटाच हसलो.

दिवा भिंतीवर फार खाली लावलाय. मला वाटायचं, वायर पुरली नसणार. आज लावला, तर उजेड फळीवरून आडवा गेला आणि एकेक ओरखडा सावली टाकून उभा राहिला. छतावरच्या दिव्यात तीच फळी गुळगुळीत दिसत होती. हे हिला कोणी सांगितलं? की स्वतःच शोधलं?

विजेच्या करवतीखाली नळी, नळीच्या टोकाला झाकणाची बादली, बादलीला जुना व्हॅक्यूम क्लीनर. भुसा बादलीत पडतो, मशीन स्वच्छ राहतं. आणि हा तोच व्हॅक्यूम क्लीनर, जो "गेला कामातून" म्हणाली म्हणून मी नवा आणला! बटण दाबलं. ठणठणीत चालतो. वा, बाईसाहेब!

५ फेब्रुवारी

डॉक्टर आले. मागच्या गल्लीत राहतात, दातांचे डॉक्टर होते, आता निवृत्त. लाकडाचा नाद हिच्यासारखाच, दोघांचं त्यावरच जमायचं. कोणाचा सांधा जास्त घट्ट यावर भांडायचेसुद्धा. माझ्याशी त्यांचं बोलणं आजवर "काय, बरं ना?" एवढंच.

वखारीचं सांगितलं तर खुर्चीतून उठलेच. "मशीनवर? अहो, या जुन्या दारांच्या फळ्या आहेत. वहिनींनी शोधून शोधून आणल्या. मशीन दोन्हीकडून ओरबाडेल, हा रंगच जाईल. हाताने घासा."

"मी? मला खिळा ठोकता येत नाही."

"मला तरी कुठे येत होतं! मी जन्मभर माणसांची भोकं बुजवली. घ्या तो रंधा."

लाकडी रंधा, मुठीचा भाग हिच्या हाताने काळा झालेला. डॉक्टरांनी माझे खांदे धरून मला वळवलं. "हाताने नाही, कमरेने ढकला. कपाट सरकवतो तसं." ढकलला. अडला. परत ढकलला — आणि रंध्यातून लाकडाची साल निघाली, अखंड, पलीकडचा हात दिसेल इतकी पातळ. आवाज कसा — जाड कापड फाडल्यासारखा, पण मऊ.

"आता कळलं," डॉक्टर म्हणाले, "वहिनी जेवायला का येत नव्हत्या?"

६ फेब्रुवारी

खांदे गेले. चमचा उचलवत नाही. मजा आली.

८ फेब्रुवारी

आज मधेच थांबलो. रंधा इतका सहज चालतो तो माझ्यामुळे नाही, पात्याच्या धारेमुळे. ही धार शेवटची हिने लावली. नंतर कोणी त्याला हात लावलेला नाही. म्हणजे हिचं अजून काम करतंय असं घरात एवढंच उरलंय. आणि मी प्रत्येक फेरीला ते थोडं थोडं झिजवतोय.

रंधा पुसून ठेवला. यापुढे रोज थोडंच.

१० फेब्रुवारी

फक्त एक कोपरा घासला. पुरे.

११ फेब्रुवारी

लेक आली. फळीकडे बघून कमरेवर हात. आईचीच ढब.

"एवढंच झालं? बाबा, या वेगाने आम्ही जमिनीवर बसून जेवू."

"जमिनीवर जेवणं तब्येतीला चांगलं."

"आणि तुमचे जावई खाली बसले तर त्यांना उठवायला क्रेन आणा."

दोघांनी मिळून फळी उलटी केली. खालून हात फिरवताना लेकीचं बोट एका जागी थांबलं. "इथे काहीतरी आहे." दिसत काहीच नव्हतं. आडवा दिवा लावला, तेव्हा एक चौकोन दिसला, काडेपेटीएवढा. जुन्या दाराच्या बिजागरीची खाच होती तिथे हिने लाकडाचा तुकडा बसवलेला, रेषेला रेषा जुळवून. तुकड्यातली रेषा फळीत अशी शिरते जणू झाडावरच तशी वाढली. आणि हे कुठे? खालच्या बाजूला! जिथे जेवणाऱ्यांचे फक्त गुडघे जाणार.

"कोणासाठी केलं असेल गं एवढं?"

"स्वतःसाठी," लेक म्हणाली. मग बराच वेळ ती जागा चाचपत राहिली.

जाताना — "बाबा, शनिवारपर्यंत बघा. नाहीतर टेम्पो सांगते आणि सरळ वखारीत नेते. मला टेबल हवंय. आईचं टेबल, जेवता येईल असं."

तिचंही बरोबर आहे.

१४ फेब्रुवारी

शेवटी व्हायचं तेच झालं. दुपारी रंधा घसरायला लागला. साल निघेना, नुसता भुगा. जोर लावला तर फळीच्या मधोमध टवका उडाला. भर मध्यावर!

डॉक्टर आले, पात्यावरून अंगठा फिरवला. "बोथट झालंय. दगड कुठाय? दाखवतो धार कशी लावायची."

"नको."

"अहो, टवका बुजवता येईल. पण धार नसेल तर पुढे प्रत्येक फेरीला एक टवका."

"राहू दे म्हणतो ना!" माझा आवाज चढला. माझं मलाच नवल वाटलं.

मग सांगितलं. आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. की ही हिची शेवटची धार आहे. दगडावर घासली की गेली. जाऊ दे फळी मशीनवर. रंधा असाच ठेवतो.

डॉक्टर काहीतरी विनोद करतील असं वाटलं. नाही केला. पातं परत रंध्यात बसवलं, हात पुसले आणि चहा न घेताच गेले.

१५ फेब्रुवारी

लेकीला फोन केला. टेम्पो सांग म्हणालो. तिने कारण विचारलं नाही. आईसारखीच — नको तिथे समजूतदार.

१६ फेब्रुवारी

डॉक्टर आले. बसले नाहीत. दारातच उभे, दोन्ही हात खिशात.

"काल झोप लागली नाही. ती धार वहिनींची नाही. माझी आहे."

मला कळेना.

"उन्हाळ्यापासून त्यांच्या बोटांतला जोर गेला होता. दगडावर पातं धरवत नव्हतं. दर आठवड्याला पिशवीतून घेऊन यायच्या, मी लावून द्यायचो. हे शेवटचंसुद्धा मीच."

"मला का नाही सांगितलं?"

"मला शपथ घातली होती. म्हणायच्या, यांना कळलं तर काळजीपोटी गॅरेजला कुलूप घालतील."

घातलं असतं. त्याच दिवशी.

बोटांत जोर नसताना हिने हे टेबल इथवर आणलं. आणि रोज संध्याकाळी जेवायला बसताना मला म्हणायची, "आज काय छान काम झालं!"

डॉक्टर म्हणाले, दगडावर कसं धरायचं ते शिकवू का? उद्या या म्हणालो. लेकीला कळवलं, टेम्पो नको.

ते गेल्यावर राहवेना, पातं काढलं. धार वाकडी आली तरी चालेल. डॉक्टरांनी जाताना सांगितलं तसा दगड पाण्यात टाकला, त्यातून बुडबुडे यायचे थांबेपर्यंत बाजूला बसलो, आणि घासायला घेतलं.