सगळ्या बायका आईच

१२ ऑगस्ट

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. मी ठीक आहे. चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा घासून खांदा धरतो, एवढंच. ठमीचे टॉन्सिल्स काढले. घसा दुखतो म्हणून बोलत नाही, पण हातवारे करून हुकूम सोडते. अगदी तुझ्यासारखी.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू "बरं, ठेवते" म्हणतेस आणि माझं राहूनच जातं.

त्या दवाखान्यात मुलांसोबत आलेल्या सगळ्या बायका आईच. "आई, पुढे सरका." "आई, तिचे हात धरा." नाव कुणी विचारत नाही. पहिल्यांदा मी म्हटलं, "मी मावशी." नर्स "हो आई" म्हणून पुढे गेली. ठमी तोंडावर हात ठेवून हसली. पुढच्या खेपेला मी काही बोलले नाही. त्याच्या पुढच्या खेपेलाही नाही.

ऑपरेशनआधी भूल देणाऱ्या डॉक्टरबाई भेटल्या. खाली मान घालून भराभर विचारत होत्या. "आई, तुम्हाला कधी भूल दिली होती?"

"हो. अपेंडिक्सच्या वेळी."

"काही त्रास?"

"नाही."

"बाबांना?"

"ते नसतात सोबत. माहीत नाही."

झालं. पालक म्हणून माझी सही रीतसर चालते, ती केली.

ऑपरेशनच्या दिवशी ठमीला हिरवा झगा घातला, ढकलगाडीवर निजवलं. नर्सने तिच्या कपाळाला हात लावला. "ताप नाही ना, आई?"

ताप म्हटल्याबरोबर मला एकदम आठवलं. धाकटे, तुला तरी आठवतं का? झोक्यावरून पडून तुझा हात मोडला होता. भूल दिली आणि तू लाकडासारखी ताठ झालीस, अंग तव्यासारखं तापलं. आपले बाबा दवाखान्याच्या पायरीवर बसून होते. मला आदल्या आठवड्यात विचारलं तेव्हा हे आठवलंच नाही. ठमीच्या आईला विचारलं होतं, आणि मी स्वतःचं उत्तर दिलं.

ढकलगाडी दारापर्यंत पोचली होती. मी दांडा धरला. "थांबा!"

"आई, असं करू नका. सगळ्यांनाच भीती वाटते."

"डॉक्टरबाईंना बोलवा. त्याशिवाय सोडणार नाही."

त्या आल्या, कपाळाला आठ्या घालूनच. भुलीचा त्रास झाला होता, एवढं मी सांगितलं तशा तापल्या. "आई, हे आधी सांगायचं नाही का? तुम्ही तर म्हणालात, त्रास नाही!"

"मी आई नाही. मी मावशी आहे. त्रास हिच्या आईला झाला होता."

ठमी माझ्याकडे बघत होती. हसत नव्हती.

डॉक्टरबाईंनी स्टूल ओढलं, माझ्यासमोर बसल्या. "मावशी, आठवेल ते सगळं सांगा." आवाजच बदलला त्यांचा. असा त्रास घराण्यात उतरू शकतो म्हणाल्या. त्या दिवशीचं ऑपरेशन रद्द केलं. पुढच्या आठवड्यात भुलीची औषधं बदलून, सगळी तयारी ठेवून केलं. मी विचारलं, नेहमीचंच औषध दिलं असतं तर? त्या म्हणाल्या, "दिलं नाही ना. झालं तर मग."

रद्द झालं त्या दिवशी बसमध्ये ठमी खिडकीकडे तोंड करून बसली. तशीच म्हणाली, "कशाला सांगितलंस? त्यांना कळलंच नसतं."

मलाही इतके दिवस तेच वाटत होतं.

आता तुला सांगते. ती घरीही मला आई म्हणते. वर्ष होत आलं. तू सहा महिन्यांत येते म्हणून गेलीस, त्याला तिसरं वर्ष लागलं. मी तिला अडवलं नाही. तुझा फोन आला की हळूच सांगते, "मावशी म्हण हं आता." म्हणून ती तुझ्याशी धड बोलत नाही. तुला वाटतं, विसरली. तसं नाही, तिला चुकायची भीती वाटते.

डॉक्टरबाईंना तुला तपासायचं आहे. तुझं रक्त लागेल, तुझं बोलणं लागेल. पुढेमागे ठमीला पुन्हा भूल द्यायची वेळ आली तर माझं अर्धवट आठवणं पुरणार नाही. आणि तूही कधी भूल घेऊ नकोस, आधी हे सांगितल्याशिवाय.

तेव्हा ये. आलीस की तिला तुझ्या हवाली करीन, असं इथे लिहायला हवं. दोनदा लिहायला घेतलं, लिहवत नाही.

तरीही ये.

तुझी,
ताई