बाबांच्या कानापुरतं

शनिवार, ६ सप्टेंबर

प्रिय धाकटोबा,

प्रभूमध्ये सलाम. आम्ही इकडे बरे आहोत, तुम्ही सगळे मजेत असाल. तुझ्या लेकीच्या लग्नाच्या उपासनेसाठी तू पाठवलेली गीतं मिळाली. पहिलं चालेल. दुसरं नवरी आत येताना म्हणायचं असं लिहिलंयस, पण अरे, ते पश्चात्तापाचं गीत आहे. शब्द कधी वाचलेस का? चाल गोड आहे म्हणून पोरीला सजवून, नटवून ‘मी पापी, मी पतित’च्या तालावर चालवणार आहेस? ते मी काढून टाकलं. तिसऱ्याची पट्टी म्हाताऱ्यांना झेपायची नाही, ती एक सूर खाली आणते.

शेवटी लिहिलंयस की प्रवेशगीत बाबांनी वाजवावं, पाहुण्यांना आवडेल, व्हिडिओही छान येईल. त्यावर येते. आधी दुसरं सांगते, कारण ते वाक्य वाचलं की माझ्या तोंडाला कडू पाणी सुटतं.

गेले काही महिने मंडळीत माझ्या गायन चालवण्याबद्दल कुरबुर चालू होती. ताई मागे पडतात म्हणे. गिटारवाला पुढे, मी मागे, आणि मधल्यामध्ये लोकांची फरफट. पाळकसाहेबांनी मला ऑफिसात बोलावलं, चहा दिला आणि मधात बुडवलेल्या आवाजात सांगितलं की वयोमानाने होतं असं, थोडी विश्रांती घ्या. माणसं इतकी गोड बोलायला लागली की मला संशय येतो, तुला ठाऊक आहेच. मी म्हटलं, मी बाबांना धरून गाते, ते जिथे तिथे मी. त्यावर ते खाली मान घालून कपात चमचा फिरवत राहिले. साखर कधीच विरघळली होती.

तुझी ती नवी साउंड सिस्टिम. मागच्या खेपेला येऊन बसवून दिलीस, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हापासून आम्ही कानात इअरफोन खुपसून उभे राहतो. बाबांच्या कानात त्यांचा कीबोर्ड, माझ्या कानात माझा गळा आणि बाबांचा कीबोर्ड. तो मी मुद्दाम मागून घेतला होता. फ्रॉक घालत होते तेव्हापासून सूर त्यांच्याकडून घेत आलेय, आता कुठे बदलू? हात जड झालेत त्यांचे, मान्य. ठेक्याच्या जरा मागे राहतात, एखादं बोट चुकीच्या पट्टीवर पडतं. मग मी हळू घ्यायचे, आणि माझ्यामागून मंडळी हळू यायची. म्हातारा माणूस बरोबर असला की घरचे जसे हळू चालतात, तसं. गायन चालवायचं म्हणजे दुसरं काय असतं?

मागच्या रविवारी अर्पणाच्या गीतात माझ्या इअरफोनची बॅटरी संपली. मी तो कानातून ओढून काढला. आणि चर्चमध्ये बाबा नव्हतेच. गिटार होती, ड्रम होता, माणसं होती. बाबा समोर बसलेले, डोळे मिटलेले, दोन्ही हात पट्ट्यांवर फिरताहेत, आणि सूर एक नाही. माझं गाणं तोंडातच राहिलं. लोकांना वाटलं, ताई पुन्हा मागे पडल्या.

उपासना संपल्यावर मी साउंडवाल्याला गाठलं. बाबांचा आवाज बाहेर सोडतच नाहीत, म्हणाला. त्यांच्या कानात जातो आणि माझ्या. सिस्टिम बसली तेव्हापासून हे असंच. पाळकांना माहीत, कमिटीला माहीत. आणि हीच माणसं दर रविवारी दारात बाबांचा हात हातात घेऊन सांगत होती की आज फार सुंदर झालं. त्याच हातांनी पाळक प्रभुभोजनाची भाकर मोडतात. मला शिसारी आली. घरी येऊन आंघोळ करावीशी वाटली.

आणि इकडे बाबा दर रविवारसाठी आठवडाभर जेवायच्या टेबलावर बोटं चालवत, चष्मा वर-खाली करत तरुणांची नवी गाणी बसवत होते. एखादी अवघड जागा जमली की मला स्वयंपाकघरातून हाक मारायचे.

साउंडवाल्याला मी नाही नाही ते बोलले. बिचारा वायरी गुंडाळत राहिला आणि शेवटी म्हणाला, “ताई, मला तुमच्या भावाने सांगितलं होतं. बाबांच्या कानात जाऊ दे, बाहेर नको.”

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हे.

आता कळलं ना, मी एवढा कागद गीतांच्या पट्ट्यांवर का घालवला? आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोंब कुणाच्या नावाने मारायची? तू म्हणशील, मायेपोटी केलं, त्यांचं मन राखलं. डोंबल! लहान मूल रडू नये म्हणून गाडीत त्याच्या हातात खोटं स्टिअरिंग देतात, तसं तू बापाला बसवलंस. केसाने गळा कापलास. आणि आता त्याचाच व्हिडिओ हवाय तुला. किळस येते मला. पाळकांची येते, कमिटीची येते, पण खरी तुझी येते. तुला अंगाखांद्यावर खेळवलंय मी, आणि तरी येते.

बाबांना मी सांगितलं. सांगू नका, असंच सगळ्यांचं म्हणणं होतं. पण पुन्हा त्यांच्याशेजारी उभं राहून गाणं मला जमलं नसतं. बुधवारी भाजी निवडत बसलो होतो तेव्हा सांगितलं. कुणी करायला लावलं, असं त्यांनी विचारलं. मी खोटं बोलायला गेले, पण जीभ वळली नाही. त्यांनी हातातल्या शेंगा खाली ठेवल्या. मग म्हणाले, “मला सांगायचं ना त्याने. कीबोर्डवरून उठलो असतो मी.”

रागावले नाहीत रे. रागावले असते तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, आता आवाज बाहेर सोडायला लावते, चुकलं तर चुकलं, नातीच्या लग्नात तुम्हीच वाजवा. तर म्हणाले, कानात येतंय ते बाहेर जातंय की नाही, याचीच आता शंका येत राहील. कीबोर्डला कापड घालून ठेवलंय. लग्नात नाही आणि नंतरही नाही.

उपासना मी चालवीन. पोरीचा काही दोष नाही. प्रवेशगीत कुठल्याही वाद्याशिवाय होईल, लोक आपल्या गळ्याने म्हणतील, आणि त्यात तुझं काही चालणार नाही.

हे तुला लिहू नको, असं बाबांनी मला बजावलंय. लग्नघर आहे, त्याला वाईट वाटेल, म्हणाले. म्हणजे तू येशील तेव्हा ते दारात उभे असतील, तुला मिठी मारतील, प्रवास कसा झाला विचारतील, आणि चेहऱ्यावर काही दिसणार नाही. तू आपला खूश, की म्हाताऱ्याला पत्ता नाही. ते मला बघवलं नसतं. त्यांच्या मिठीत असशील तेव्हा तुला माहीत असू दे की त्यांना सगळं माहीत आहे.

‘तुझी’ लिहायला आज हात धजत नाही.

ताई