मापात सोडलेली माया

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन चष्मा विक्री कंपनी,
मुख्य कार्यालय.

विषय : दोन बुबुळांमधलं अंतर मोजण्यासाठी समोर माणूस मिळणेबाबत.
संदर्भ : आपल्या वेबसाइटवरील सूचना क्र. ४, ‘घरातील कोणालाही माप घ्यायला सांगा.’

महोदय,

१. सदर अर्जदार ब्लाउज शिवते व एकटी राहते. भिंगाचा मध्य बरोबर बुबुळासमोर यावा म्हणून आपण हे अंतर मागता, इतकं अर्जदारास कळलं. डोळे गेले म्हणून अक्कल गेली असं समजू नये. फक्त ‘कोणालाही’ म्हणजे कोणाला, ते कळलं नाही. तिने स्वतःच आरशासमोर पट्टी धरली. साठ मिलिमीटर भरले. फॉर्मात चौसष्ट लिहिले.

२. कारण असे की, कापड बेतताना शिवणीबाहेर जास्तीचं थोडं सोडतात. धंद्यात त्याला माया म्हणतात. पुढे अंग भरलं तर उसवून वाढवता येतं. जन्माची सवय, हात आपसूक सोडतो. चष्म्याच्या मापात माया चालत नाही, हे आपण कुठेही छापलेलं नाही.

३. चष्मा आला. सुईला दोन नेढी दिसतात आणि दोरा तिसरीकडेच जातो. गिऱ्हाइकं कापड परत नेऊ लागली आहेत. फोन केला तर आपल्या कंपनीतली मुलगी म्हणते, “काकू, मिस्टरांना सांगा ना!” मिस्टर भिंतीवर फोटोत आहेत. त्यांच्या हातात पट्टी कशी द्यावी, याचीही सूचना छापावी.

४. शेवटी चष्मा परत न्यायला आलेल्या पार्सलवाल्यालाच अर्जदाराने खुर्चीवर बसवलं. भला माणूस. पट्टी धरून म्हणाला, “आजी, माझ्याकडे बघा. हलायचं नाही.” इतक्या जवळून कोणी डोळ्यांत पाहिल्याला फार दिवस झाले होते. डोळे भरून आले, बुबुळं दिसेनात. “मी काय इंजेक्शन देतोय का?” म्हणून तो हसला, आणि खालून हॉर्न वाजला तसा पळाला. माप राहिलं. गडबडीत चष्माही राहिला.

५. सबब, सूचना क्र. ४ खोडून टाकावी. नाहीतर तीत लिहिलेला तो ‘कोणीही’ इकडे पाठवावा. कामाला एक मिनिट पुरतं. त्यात थोडी माया सोडून यावं. वेळ कळवू नये, अर्जदार घरीच असते.

आपली, अजून तरी नम्र,
(सही)
ब्लाउजवाली, दुसरा मजला
दिनांक : १४, मंगळवार

सोबत : चुकीचा चष्मा, एक. पट्टी जोडलेली नाही; ती इथे लागेल.