तिसरी वाटी

नाही माय, मी हे मुकाट्याने ऐकून घेणार नाही. तू दरवर्षी तेच करायचीस. वर्षाची मिरची घ्यायची वेळ आली की बिनतिखटाची डाळ शिजवायची, तीन वाट्यांत ओतायची, पहिलीत गेल्या वर्षीच्या मिरचीची चिमूट, दुसरीत नवीची, आणि तिसरीत काहीच नाही. चाखायच्या मात्र मी. पथारीवर वाळत्या मिरचीचे देठ खुडून खुडून तुझी जीभ मेली होती, हे मान्य. पहिल्या दोन वाट्यांचंही समजत होतं, जुन्याशी नवं ताडून बघायचं. पण तिसरी कशाला? दारात पोरं खेळायला बोलवतायत आणि मी आपला फिकी डाळ पितोय. एकदा विचारलं, तर चुलीपुढून मान न वळवता म्हणालीस, "ज्यामा काहीच नही, ती वाटीबी चाखनी पडस. ती तिखट लागनी ते दोष मिरचीना नही, भांडाना शे." वर आणखी, "रंगले भुलू नको, भो. लाल ते समदंच दिसस." मी म्हटलं, डाळीचा नास आहे. तू म्हणालीस, "तुन्हा तोंडना नास शे." भांडण तिथंच राहिलं.

तू गेलीस त्याला नऊ वर्षं झाली. माझ्या पायात भोवरा आहे म्हणायचीस, तो काही थांबला नाही. शहाद्याकडे साखर कारखान्यावर एक हंगाम, नवापूरला कोंबड्यांच्या शेडवर चार महिने, मग पुणं. इथं एका तपासणीच्या लॅबमध्ये काचेची भांडी धुवायला लागलो आणि धुता धुता काम शिकलो. आठवी नापास पोराला पांढरा कोट मिळाला, माय. पेशंटच्या गाठीचा तुकडा येतो, त्याचा कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काचेवर बसवतात. त्यावर अँटिबॉडी नावाचं पाणी टाकायचं. ते पेशीतली एकच ठरलेली खूण शोधतं आणि तिथं जाऊन बसतं. मग रंगाचं औषध टाकलं की जिथं ते बसलं तिथं तपकिरी, बाकी सगळं निळं. त्या तपकिरीवर पेशंटचं औषध ठरतं. आणि पहिल्याच दिवशी आमच्या डॉक्टर मॅडम काय म्हणाल्या सांगू? पेशंटच्या काचेबरोबर आणखी दोन काचा लावायच्या. एक, जिच्यात ती खूण नक्की आहे अशा तुकड्याची. दुसरी पेशंटचीच, पण तिच्यावर अँटिबॉडी टाकायची नाही, तिला आम्ही रिकामी म्हणतो. नवी बाटली आली की जुनीशी ताडून बघायची, चिठ्ठीवर नाव तेच असलं म्हणून आतला मालही तोच असं धरायचं नाही. मी तिथंच हसलो. मॅडम म्हणाल्या, "काय झालं रे?" म्हटलं, काही नाही, आमच्या घरची डाळ आठवली.

आता मागच्या मंगळवारचं सांगतो. मी घाईत होतो, कशाच्या ते विचारू नकोस, क्रिकेटच्या. रक्तातल्या काही पेशी अंगच्या गुणानेच तो तपकिरी रंग धरतात, म्हणून आधी काचांना ताज्या पेरॉक्साइडचं पाणी दाखवून त्यांचं तोंड बंद करावं लागतं. ताजं कोण बनवतो! मागच्या आठवड्याचं उरलं होतं, तेच ओतलं. काचा झाल्या. खूण असलेली तपकिरी, पेशंटची तपकिरी. आणि रिकामी उचलली, तर तीही तपकिरी. आतून मॅडमची हाक, "रिकामी काच आण रे, आज रिपोर्ट द्यायचाय, पेशंट बाईंचा मुलगा बाहेर बसलाय." ट्रेमध्ये आदल्या दिवशीची एक रिकामी काच पडली होती, स्वच्छ निळी. नंबरच तर बदलायचा होता. खरं सांगतो माय, पेन्सिल हातात घेतली होती.

पण ती स्वच्छ काच हातात धरली आणि मला आपलं डाळीचं तपेलं दिसलं. मी आत गेलो आणि म्हटलं, "मॅडम, दोष मिरचीचा नाही, भांड्याचा आहे." मग सगळं सांगितलं. चांगलीच खरडपट्टी निघाली माझी. "गाढवा, उतरलेलं पेरॉक्साइड वापरतोस?" आणि बरंच काही. बाहेरच्या मुलाला उद्या यायला सांगितलं. तुकडा एवढासा होता, दुसऱ्या दिवशी उरलेले काप जीव मुठीत धरून लावले. या वेळी पाणी ताजं. रिकामी निळी, खूण असलेली तपकिरी, आणि पेशंटची? निळी. स्वच्छ निळी. ते महागडं औषध बाईंच्या काही कामाचं नव्हतं, आणि मी नंबर बदलला असता तर आदल्या दिवशीच ते सुरू झालं असतं. मॅडमनी चहा मागवला. म्हणाल्या, "हे भांड्याचं तुला कोणी शिकवलं?" म्हटलं, आईनं, नंदुरबारला, चुलीपुढं. "मग त्यांना घेऊन ये एकदा, आमच्या नव्या पोरांना शिकवतील." मी बरं म्हणालो. तू नाहीस हे सांगायचं जिवावर आलं, आणि खरं तर तू आलीच होतीस.

आता जे सांगायला बसलो ते. फुईकडून मिरची घेतलीस ते वर्ष आठवतं? रंग लालभडक आणि तिखटाच्या नावाने शून्य. वर्षभर फिकं खाल्लं आपण. तू म्हणालीस, नणंदेनं फसवलं. फुई म्हणाली, "मी सांगेल व्हतं ना, चाखी ले!" तू म्हणालीस, "मन्हा पोऱ्यानी चाखी!" त्यानंतर तू जाईपर्यंत तिच्या घरचा चहा प्यायली नाहीस. माय, ती मिरची चाखली त्या दिवशी तिसरी वाटी तिखट होती. आदल्या दिवशी तपेल्यात ठेचा झाला होता आणि ते घासायचं काम माझं होतं. मी नुसतं पाणी फिरवलं होतं. चाखल्याबरोबर जीभ भाजली, पण बोललो असतो तर मार पडला असता, म्हणून "तिसरी फिकी शे" म्हणालो आणि पळालो. दुसऱ्या वाटीतलं तिखटही तपेल्याचंच होतं, फुईचा काही दोष नव्हता.

हे पत्र टाकायला पेटी कुठली, वहीतच राहील. काल फुईला फोन केला, म्हटलं यंदाची मिरची तुझ्याकडूनच. "चाखी लेशी ना?" म्हणाली आणि हसली. तिच्याकडूनच का, ते तिला अजून सांगितलं नाही, आधी तुला सांगायचं होतं. दहा किलोचे पैसे तिला पाठवतोय, दोन हजार शंभर.