सरळ हात

सिंदी (मेघे), वर्धा
ता. १६ नोव्हेंबर १९५८

ती. स्व. सीतामामी यांस,
प्रेमदासचा सविनय जयभीम.

पत्र लहानू वाचून दाखवील, म्हणून त्यालाही जयभीम. लहानू, शाळेत पाढे म्हणायचास तसं धाडधाड वाचू नकोस. मामी "पुढं वाच, पुढं वाच" म्हणतील, तरी सावकाश वाच. आणि जिजा जवळ बसली असेल तर तिला आधी अंगणात खेळायला पाठव.

इकडे सर्व ठीक आहे. थंडी चांगलीच पडली. थंडीने सिग्नलच्या तारा आखडतात, त्यामुळे रोज सकाळी पाना घेऊन रुळाच्या कडेने तारा ढिल्या करत फिरावं लागतं. खोलीत नवी चूल घातली. शेजारच्या आनंदाबाई म्हणाल्या, "लेकराले घेऊन या, तुम्ही ड्यूटीवर गेले का मी पायतो तिले." त्यांची पंचफुला जिजाएवढीच आहे. हे सहज कळवलं.

तुमची कापसाची वेचणी सुरू झाली असेल. वाकून वाकून कंबर धरत असेल. वेचणीला जाताना जिजाला बरोबर नेता का? नेत असाल तर तिच्या पायात काही घाला, पऱ्हाटीच्या धसकटांनी तळवे फाटतात.

लहानू दहा-बारा दिवसांपूर्वी बाजाराला आला तेव्हा त्याने तुमचा निरोप दिला. निरोप सांगताना तो माझ्याकडे पाहत नव्हता, चहाच्या बशीकडे पाहत होता. म्हणून मीच पुन्हा लिहितो, काही चुकलं असेल तर सांगा. तुम्ही म्हणालात, "गंगाच्या वर्षाच्या कार्याले येजो म्हणा. पेटी घेऊन येजो. धुरपताच्या पाठवणीले वाजवलं होतं तसं वाजव म्हणा. त्याच्या मनात माही पोरगी होती का नोयती, ते पायतो मी. मग जिजाचं पायू."

बरोबर ना?

मामी, तुम्ही गिटारीला पेटी म्हणता ते मला आवडतं. मांडीवर आडवी ठेवून वाजवायची, म्हणजे पेटीच ती. उजव्या हाताने तार छेडायची आणि डाव्या हातातली लोखंडी कांडी तारांवरून सरकवायची. सूर सगळा त्या कांडीत असतो. दांडीवरच्या पट्टीच्या बरोबर वर धरली तर सूर खरा, केसभर इकडेतिकडे झाली की खोटा. आणि मनगट हलकं सोडून कांडी जागच्या जागी हालवली, की तार रडल्यासारखी वाजते.

हे मी पिंटो साहेबांकडे शिकलो. ते गोव्याचे, इथे मालगाडीवर गार्ड आहेत. त्यांनी पहिलं वर्षभर मला कांडी हालवूच दिली नाही. "हात सीधा रखो, प्रेमदास. रोना सुननेवाले का काम है, बजानेवाले का नहीं." मी कंटाळून जायचो. गंगा तर चिडवायची, "तुमचे साहेब इस्त्री करायले शिकवून राह्यले का गिटार?"

आता धुरपताच्या पाठवणीचं. तुम्हाला ते अजून आठवतं. मांडवातल्या बाया पदर तोंडाला लावून रडल्या, तुम्ही रडलात, नवरदेवाचा काका रडला. प्रेमदासच्या हातात काय माया आहे म्हणून लोक चार गावांत बोलले. खरं सांगू? मला त्या वेळी फार भूक लागली होती आणि पंगतीतली बुंदी संपते की काय या काळजीत मी होतो. कांडी हालवण्याची नुकतीच परवानगी मिळाली होती, म्हणून जिथे तिथे हालवत होतो. धुरपता आपल्या पसंतीच्या घरी चालली होती, मला कशाचं दुःख होणार! माझ्या मनगटानं तुम्हाला रडवलं, मामी. मी नाही.

मग गंगा गेली तेव्हाच्या कार्याचा दिवस. त्या दिवसाबद्दल आपण कधी बोललोच नाही. तुम्ही बोललात, मी ऐकून घेतलं.

पूर्वी आपल्याकडे माणूस गेलं की भजनी मंडळ यायचं, टाळ-मृदंगात रात्र निघून जायची. दीक्षेनंतर ते आपण सोडलं. माझ्या वडिलांचा डफ मीच खुंटीवरून उतरवला, त्याचं मला वाईट वाटत नाही. पण त्या दिवशी वंदना झाली आणि पुढे काय करायचं ते कोणालाच माहीत नव्हतं. अंगणभर माणसं नुसती बसून होती. कोणी खोकलं तरी सगळे तिकडे पाहत. शेवटी रामाजी बुवा म्हणाले, "प्रेमदासले वाजवू द्या, बाप्पा. असं मुकं काऊन बसाचं?" सगळ्यांनी माना डोलावल्या. ज्याची बायको गेली त्यालाच वाजवायला बसवू नये, हे त्या गर्दीत एकाच्याही ध्यानात आलं नाही. माझ्याही आलं नाही.

मी गंगाची अंगाई वाजवली. जिजाला झोपवताना ती म्हणायची ती, तिने तुमच्याकडून उचललेली. एकही सूर खोटा लागला नाही. वाजवून झाल्यावर तुम्ही उठलात आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "दुसऱ्याच्या पोरीले वाटे लावताना रडते याची पेटी. माही पोरगी गेली तं याचा हात एका जागी हालला नाई." मग जिजाला कडेवर घेतलंत आणि स्टेशनाकडे निघालात. मी अडवलं नाही. काय म्हणून अडवणार, तुम्ही पाहिलं ते खरंच होतं. हात हालला नव्हता.

लहानू, थकलास तर पाणी पिऊन घे. पुढचं लिहायला मलाही वेळ लागतो आहे.

मामी, गंगाचा ताप चढला तेव्हा तुम्ही इकडे पोहोचायच्या होतात. कपाळावरची ओली पट्टी तिला नको व्हायची, पाणी कानात जातं म्हणायची. एकदा म्हणाली, "तुमचं ते लोखंड ठेवा ना कपायावर, गार लागते." तेव्हापासून मी कांडी माठात बुडवायचो, पुसायचो आणि तिच्या कपाळावर धरायचो. क्षणात तापायची. पुन्हा बुडवायचो. जिजा शेजारी बसून विचारायची, "गरम झाली का, बाबा?" मी हो म्हणालो की माठावरचं झाकण काढायला तीच धावायची. तिला तो खेळ वाटत होता.

शेवटच्या दिवशी दुपारी कांडी कपाळावर ठेवली आणि ती गरम होईना. मी बराच वेळ धरून बसलो. जिजाने दोनदा विचारलं.

तुम्ही संध्याकाळच्या गाडीने आलात.

कार्याच्या दिवशी तीच कांडी हातात घेतली तर गार लागली. हात असा कापायला लागला की तारेवर ठेवता येईना. मनगट जरा सैल सोडलं असतं तर ते थांबलंच नसतं, मामी. मी सगळ्या लोकांसमोर ओरडलो असतो. मग साहेबांनी शिकवलं होतं तेवढंच केलं. नजर पट्ट्यांवर ठेवली, दात आवळले, ही पट्टी, आता ही, आता ही, असं करत कांडी सरळ दाबून धरली. गंगाची अंगाई शेवटपर्यंत नेण्याचा दुसरा रस्ता माझ्याकडे नव्हता. तुम्हाला कोरडं वाटलं.

मागच्या महिन्यात सेलूला तुमच्याकडे आलो होतो तेव्हा जिजा गळ्यात पडली आणि मी अर्ध्या तासात निघून गेलो, हाही तुमचा माझ्यावर राग आहे. "पोरगी बिलगली अन् हा पयाला," असं तुम्ही म्हणालात म्हणे. तुम्ही मागे गोठ्यात होतात. जिजाने माझ्या पिशवीतून कांडी काढली, चिंध्यांच्या बाहुलीला निजवलं, तिच्या कपाळावर ठेवली आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "गरम झाली का?" मला तिथे बसवेना. मी खरंच पळालो.

आता आणखी एक सांगतो. हे ऐकून तुम्ही रागावाल. मी रोज ड्यूटीवरून आलो की सरळ हाताने सूर घोटत बसतो, आणि तेवढा वेळ मला गंगा आठवत नाही. डोक्यात फक्त पट्ट्या असतात. बाकी दिवसभर रुळावर, चुलीपाशी, बाजारात ती असतेच. लोक म्हणतात बायकोच्या आठवणीत वाजवतो बिचारा. मी विसरण्यासाठी वाजवतो. तेवढीच उसंत मिळते मला. ते पाप असेल तर असो.

तुमचा निरोप आला त्या दिवशी मी ठरवलं, जिजा परत येत असेल तर हालवू की हात. त्यात काय मोठं! अंगाई घेतली, मनगट सोडलं, जिथे गंगा श्वास घ्यायला थांबायची तिथे कांडी खालून वर ओढली. तीन-चार दिवसांत अशी बसवली की दगडाला पाझर फुटावा. पिंटो साहेब रविवारी आले, त्यांना ऐकवली. ज्यांनी मला वर्षभर सरळ हात धरायला लावला त्यांचे डोळे भरले. टोपी काढून म्हणाले, "अब आया दिल तुम्हारे हाथ में." आणि मी त्या वेळी मनात हिशेब करत होतो की शेवटची ओढ जास्त लांबली, वर्षाच्या कार्याला थोडी आखडती घ्यावी.

मला आधी गंमत वाटली. साहेब गेल्यावर मात्र भीती वाटली. मी तुमच्यासमोर असं वाजवलं तर तुम्ही रडाल, मला जवळ घ्याल, जिजाचं बोट माझ्या हातात द्याल. आणि तिला घेऊन मी स्टेशनाकडे निघेन तेव्हा मला माहीत असेल की मी तिला मनगटाच्या करामतीवर मिळवलं. तिच्या आईच्या अंगाईचा मी तमाशा केला. पुढे रोज संध्याकाळी तिच्यासमोर बसून कोणत्या तोंडाने वाजवू?

म्हणून हात जोडून सांगतो. तसं वाजवणार नाही. येतं, पण वाजवणार नाही.

भैयाजी दुधवाल्याबरोबर कांडी पाठवत आहे. गंगाच्या हिरव्या लुगड्याच्या तुकड्यात बांधली आहे. ती नसली की माझी गिटार म्हणजे नुसतं लाकूड. कार्याला मी येतो, पेटीही आणतो. वाटलं तर कांडी माझ्या हातात द्या, मी वाजवीन, पण त्या दिवशी वाजवलं तसंच, सरळ. नको वाटलं तर देऊ नका, मी लोकांत बसून राहीन. फक्त एवढं करा, जिजाचं काय ते मी वाजवायच्या आधी ठरवा. वाजवून झाल्यावर नाही. तुम्ही नाही म्हणालात तर मी तुमच्याशी भांडणार नाही, तुमचीही लेक गेली आहे. पण तिला माझ्याकडे द्या, मामी. माझ्याने राहवत नाही, हे मी सरळच सांगतो.

आणि कांडी पोहोचली की जिजा ती मागेल. तिला द्या. बाहुलीच्या कपाळावर ठेवू द्या. "गरम झाली का?" असं तिने विचारलं तर तुम्ही तिला काहीतरी सांगा. मला अजून सांगता येत नाही.

गंगाचा,
प्रेमदास